दहापैकी चार

अंकल, शुक्रवारी आपल्या गायकाचा नवीन अल्बम आला. कितवा ते आता कुणी मोजत नाही. तुम्ही गेल्यानंतरच त्याने इतके काढलेत की तुमचं कपाट पुरलं नसतं. म्हातारा झालाय, आवाज घासलाय, पण दर दीड-दोन वर्षांनी काहीतरी आणून समोर ठेवतोच. गप्प बसायचं औषध अजून त्याला कुणी दिलेलं नाही. आणि दर वेळी नवीन अल्बम आला की मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची असते, आणि दर वेळी मी ती टाळते. त्याच्या एका अल्बमबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते. तुमच्या आयुष्यातल्या शेवटच्या अल्बमबद्दल. आज सांगून टाकते.

काशीमीऱ्याच्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. गिरगावातली खोली सोडून आम्ही नुकतेच मीरा रोडला राहायला आलो होतो, आणि इथे मला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, टाइप करायचे, तुम्ही गाड्या सोडायचात. तुमच्या टेबलावर फायलींच्या आड तो टेपरेकॉर्डर असायचा आणि बाहेर ट्रक रिव्हर्स घेत असले की तुम्ही आवाज वाढवायचात. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी न राहवून विचारलं, "हे त्याच्या तिसऱ्या अल्बममधलं ना?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "चौथ्या. पण बस." त्या 'बस'मुळे मी त्या कळकट ऑफिसात सहा वर्षं काढली.

तुमचा नियम अजून पाठ आहे. नवीन अल्बम आला की आधी तीनदा ऐकायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं एकही गाणं पुढे न ढकलता. तोवर तोंड उघडायचं नाही. मग कॅसेटच्या आतल्या कागदावर पेन्सिलने प्रत्येक गाण्याला दहापैकी मार्क द्यायचे, तुमचे डावीकडे, माझे उजवीकडे, आणि परीक्षेत झाकतात तसा हात धरून. हात काढला की भांडण सुरू. एकदा एक ड्रायव्हर दारात उभा राहून हे बघत होता. "साब, गाडी छोडो ना, पेपर बाद में चेक करना," म्हणाला. तुम्ही त्याला हाताने थांबवलंत, कारण तुम्ही एका गाण्याला नऊ दिले होते आणि मी तीन. मला वाटतं, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मोठ्या माणसाला तोंडावर "तुमचं चुकतंय" म्हटलं. तुम्हाला त्याचा केवढा आनंद झाला होता.

आणि मग तो नाताळ. मी तुमच्यासाठी खपून दोन कॅसेटी भरल्या होत्या, त्याच्या सगळ्या अल्बममधली निवडक गाणी, भरताड वगळून. उत्तनला तुमच्या स्वयंपाकघरात आंटी बोंबील तळतायत, मी पाटावर बसून खातेय, आणि तुम्ही यादी वाचताय. वाचून झाल्यावर कॅसेटी टेबलावर ठेवता. "वाईट गाणी कुठे गेली?" मी म्हणते, "काढली ना. कशाला ऐकायची?" तुमचा चेहरा उतरतो. "माझा बाप चाळीस वर्षं दर्यात गेला. पापलेट कितीदा मिळालं? कधी नुसता जवळा, कधी तो पण न्हाय. म्हणून आम्ही काय पापलेटच्या दिवसापुरताच त्याला बाप म्हणायचं?" आंटी चुलीकडूनच म्हणाल्या, "अरे, पोरीने हौसेने आणलंय, खाऊ तरी दे तिला." मला इतका राग आला होता की उरलेला बोंबील मी तसाच टाकला. पण तुम्ही त्या दोन्ही कॅसेटी ठेवून घेतल्यात, आणि पुढच्या आठवड्यात मीही ते वगळलेलं भरताड पुन्हा ऐकायला घेतलं.

मग मी अंधेरीला दुसरी नोकरी धरली आणि तुम्ही आजारी पडलात. तोवर कॅसेटी जाऊन सीड्या आल्या होत्या; नवीन आली की मी घ्यायची आणि रविवारी उत्तनला घेऊन यायची, असं ठरलेलं होतं. ती शेवटची मी आल्या दिवशीच विकत घेतली. तुमचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "आला ना? घेऊन ये गं रविवारी. तीनदा होईल असं वाटत न्हाय, पण एकदा तरी ऐकू." मी म्हटलं, रविवारी ऑफिसचं काम आहे. काम नव्हतं, अंकल. त्याच्या आधीच्या भेटीत मी तुमचे हात पाहिले होते, मनगटं पाहिली होती, आणि मला ती पुन्हा बघायची नव्हती. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण तुम्हाला हळहळ वाटू नये म्हणून पुढे बोलले, "तसंही काही दम नाही त्यात. मी ऐकला तीनदा." तुम्ही लगेच विचारलंत, "किती दिलेस?" मी म्हटलं, "चार." "दहापैकी चार? का गं?" तेव्हा पेपरात वाचलेल्या परीक्षणातली दोन वाक्यं मी तुमच्या तोंडावर फेकली, आवाज थकलाय, गाणी उगाच लांबलीयत. सीडीचं प्लास्टिकसुद्धा मी फाडलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "ठीक हाय. तू म्हणतेस म्हणजे असेल."

त्यानंतर अकराव्या दिवशी आंटींचा फोन आला, तुम्ही गेलात. मातीला आले तेव्हा त्यांनी माझा हात हातात धरला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझाच विषय होता बघ. मी बोलली, शेजारच्यांकडून मागवू का ते नवीन गाणं? तर बोलला, पोरीने ऐकलाय तीन येळा, आता मला ऐकायला पाहिजे असं काय न्हाय." मी मान हलवली. बाकीचे रडत होते, म्हणून माझं रडणं खपून गेलं.

आता आमचा एक ग्रुप आहे, त्याच्या चाहत्यांचा. शुक्रवारपासून तिथे जुंपली आहे. निम्मे म्हणतात त्याने दहा वर्षांपूर्वीच थांबायला हवं होतं, निम्मे म्हणतात हे त्याचं सगळ्यात प्रामाणिक काम. रविवारी दुपारी आम्ही पाचजण ग्रुपमधल्या डेंटिस्टच्या नया नगरमधल्या दवाखान्यात जमलो. रविवारी दवाखाना बंद असतो आणि त्याच्याकडे स्पीकर चांगले आहेत. तुमचा नियम मी त्यांनाही लावलाय, तीनदा ऐकेपर्यंत सगळे चूप. नवीन अल्बम मला आवडला, सात दिले. मग डेंटिस्टने नेहमीचा विषय काढला. तुमचा तो शेवटचा अल्बम त्याच्या मते सगळ्यात अन्याय झालेला. "मॅडम, आप ही एक हैं जो बीस साल से चार पे अड़ी हैं. आज सब मिलके सुनते हैं, फिर बोलिए." सगळे हसले. मी पर्स उचलली, गॅसवाला येणार आहे म्हटलं आणि निघाले. रविवारी दुपारी कुठला गॅसवाला!

इथे मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमधल्या घरी आले. मी एकटीच असते, त्यामुळे काय झालं असं विचारणारं कुणी नव्हतं. तो अल्बम इतकी वर्षं माझ्या फोनवर एका बोटाच्या अंतरावर होता. ओट्याशी उभी राहून लावला. एकदा, मग बसून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. अंकल, डेंटिस्ट चुकतोय. अल्बम सुमार आहे. आवाज खरोखर थकलाय, गाणी खरोखर लांबलीयत. चार नाही, पाच देईन. त्यातलं सहावं गाणं तर इतकं भयानक आहे की तुम्ही आंटींना हाका मारून, तळण सोडायला लावून, ऐकवलं असतंत. आणि मग त्याचीच बाजू घेतली असतीत.

मला वाटलं होतं, वाईट निघाला तर बरं वाटेल, तुमचं काही बुडालं नाही असं म्हणता येईल. तसं काही झालं नाही. आंटी अजून उत्तनलाच आहेत, हे त्यांना वाचून दाखवावं असं दोनदा मनात आलं. नाही दाखवणार. त्यांच्या लेखी मी तीनदा ऐकणारी पोरगी आहे आणि मला ते हवंहवंसं वाटतं. बाकी त्या सहाव्या गाण्याबद्दल सबंध संध्याकाळ मी या खोलीत मोठमोठ्याने बोलले, तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात. एकटीने नावं ठेवता येत नाहीत, अंकल. मी करून पाहिलं.