अडीचव्या मजल्यावरून फोन

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुसल्या. सगळ्या टेप पुसल्या!

वाहिनीच्या कचेरीत आज चौथा फोन. एकदाचा असा माणूस मिळाला ज्याला काहीतरी माहीत होतं. 'मॅडम, तेव्हा टेपचा तुटवडा असायचा. जुन्या पुसून पुन्हा वापरायचे.' मी विचारलं, आमच्यावर काय उतरवलंत? बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाला, 'सकाळची कवायत.'

कवायत. आमच्या 'अडीचवा मजला' मालिकेवर हात वर, हात खाली! त्याला मी चांगल्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत चार शब्द सुनावले. बिचारा 'थँक यू' म्हणाला.

धाकटीला अजून सांगितलेलं नाही. या बहिणीने उभ्या आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागितलं ते एवढंच — एकोणीस तारखेच्या आत ती मालिका एकदा बघायची आहे. एकोणीसला तिचं घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. सर्जन म्हणतात, 'आवाज जाईल, बाकी सगळं नॉर्मल.' बाकी म्हणजे काय राहिलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. हसली. हसण्याचा खोकला झाला. पाणी प्यायली आणि म्हणाली, 'बरं झालं ग ताई. कवायत तरी लोकांनी बघितली असेल.'

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासण्यांसाठी दवाखान्यात तीन तास. सर्जनच्या हाताखालची डॉक्टर मुलगी रक्त घेता घेता विचारते, 'कसली मालिका होती, आजी?' आजी! पण हात हलका होता, म्हणून सोडून दिलं.

तिला सांगितलं. आई, बाबा, दोन मुलं लिफ्टने घरी येत असतात. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबते. दार उघडतं, तर समोर त्यांचंच घर. तेच पडदे, टेबलावर तोच ओरखडा. फक्त खिडकीबाहेर काही नाही. ते दुसऱ्याच मितीत उतरलेले असतात. खाली खऱ्या घरात आजी वाट बघतेय. फोन लागतो, पण एकाच बाजूने — आईचा आवाज आजीपर्यंत जातो, आजीचा वर येत नाही. दर भागाच्या शेवटी आई फोन करते. उत्तर येणार नाही हे माहीत असून बोलत राहते. ती आई म्हणजे ही आमची धाकटी.

'मग परत येतात का ते?'

सहा भागांनंतर गाशा गुंडाळला, म्हटलं. लोकांना कळत नाही म्हणे. लोकांना सगळं कळत होतं, कळत नव्हतं ते वाहिनीवाल्यांना. तेव्हापासून ते कुटुंब वरच आहे. अडतीस वर्षं झाली.

'बाई ग,' ती म्हणाली आणि सुई काढायची राहिली. त्या दवाखान्यात पहिलं शहाणं माणूस भेटलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

माळ्यावरची पेटी खाली काढून घेतली. माझ्या कंटिन्युइटीच्या वह्या जशाच्या तशा. वाळवीची काय बिशाद!

माझं काम कुणाला सांगून समजत नाही. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी दोन-दोन दिवस चित्रित होतो. काल कप कोणत्या हातात होता, किती भरलेला होता, स्वेटरचं दुसरं बटण लावलेलं होतं की नाही — हे टिपून ठेवणारी ती मी. नाहीतर पडद्यावर कप या हातातून त्या हातात उड्या मारतो. शाळेत हस्ताक्षराच्या तासाला नन पट्टी घेऊन मागे उभ्या राहायच्या, ती भीती पुढे मला जन्मभर पुरली. स्टुडिओत म्हणायचे, देव चुकेल, ही बाई चुकणार नाही.

तळाशी आठव्या भागाची टंकलिखित प्रत सापडली. शेवटचा भाग. लेखकाने आधीच लिहून ठेवला होता, चित्रित झालाच नाही. बघायला नाही तर नाही, आपण दोघी वाचून तो फोनवर रेकॉर्ड करू शकतो. तिचा आवाज आहे तोवर.

चौथ्या भागाची वही वेगळी काढली. टॉवेलांखाली ठेवली.

९ फेब्रुवारी, सोमवार

धाकटी आली. वह्या मांडीवर घेऊन बसली. 'अग, माझा निळा स्वेटर! उजव्या कोपराला वीण उसवली आहे, हेसुद्धा लिहिलंयस?' लिहिलंय. आणि तो तूच उसवला होतास, दाराच्या कडीला अडकवून.

मग म्हणाली, 'चौथी कुठे आहे?'

वाळवी लागली, म्हटलं.

'तीच बरी गेली. त्याच भागात मी माती खाल्ली होती.'

मी चहा करायला उठले. चहा आधीच झाला होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लिहायचं तर खरं लिहावं, नाहीतर वही मिटून ठेवावी.

चौथ्या भागातला फोनचा प्रसंग दोन दिवस चालला होता. पहिल्या दिवशी चार मिनिटांचा एक सलग तुकडा झाला. दुसऱ्या दिवशी पुढचं घ्यायचं, म्हणून धाकटीने विचारलं, 'ताई, रिसिव्हर कोणत्या हातात होता?' मी वही उघडली. पान कोरं. मी ठासून सांगितलं, उजव्या.

होता डाव्यात. दोन्ही तुकडे जोडले तेव्हा कळलं. रिसिव्हर बोलता बोलता उडी मारून उजव्या हातात! दिग्दर्शकांनी सगळ्यांसमोर थयथयाट केला. आणि मी, माझी मी, म्हणाले, 'मी डावाच सांगितला होता.'

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मग त्यांना म्हणाली, 'मीच गोंधळले असेन, सर. ताई चुकत नाही.'

ते म्हणाले, 'जिला स्वतःचा हात लक्षात राहत नाही ती संवाद काय लक्षात ठेवणार!' त्यानंतर तिने दुसरं काम घेतलं नाही. मालिका संपली आणि बसस्थानकावर घोषणा करायच्या नोकरीला लागली. तीस वर्षं — फलाट क्रमांक तीनवर गाडी लागत आहे. सगळ्या शहराने तो आवाज ऐकला. तोंड वर करून कुणी बघितलं नाही.

पान कोरं राहिलं, कारण ती चार मिनिटं मी लिहिलंच नाही. ती फोनवर आजीला विचारत होती — औषध घेतलंस का, दार नीट लावलंस का. पेन्सिल हातात तशीच. मी बघत बसले होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

रेकॉर्डिंग केलं. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून. 'हातात काहीतरी हवं ग,' म्हणून धाकटीने टीव्हीचा रिमोट कानाला लावला. उजव्या हातात.

'डावा हात,' मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

'ताई, आपण आवाज उतरवतोय.'

'तरी.'

'बरं बाई. माझ्या हातांचं तुला माहीतच आहे.'

तिने रिमोट डाव्या हातात घेतला आणि सुरू केलं. आवाज घोगरा झालाय, मध्ये मध्ये फाटतो. पण काय बोलली! 'आई, तुला ऐकू येतंय की नाही, मला माहीत नाही. आम्ही निघालोय. बाहेरचा दिवा लावून ठेव, म्हणजे मुलांना कळेल की हाच आपला मजला. आणि रागावू नकोस, धाकट्याने बूट हरवलेत.'

यावर आजीचं एकच वाक्य आहे. पहिल्यांदाच तिचा आवाज वर पोचतो आणि तिथेच सगळं संपतं. 'ऐकतेय. बोल.' ते मी म्हणायचं होतं. दोन शब्द. मला म्हणता आले नाहीत. तिने वाट बघितली आणि मग स्वतःच मोबाइल बंद केला.

अकरा मिनिटं. त्यात माझं 'डावा हात' तीनदा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी दाखल केलं. चौथी वही पिशवीत टाकून नेली होती. चार वाजता नर्स बाहेर गेल्यावर ती तिच्या हातात दिली, कोरं पान उघडून. सगळं सांगितलं. उजवा मी म्हणाले होते, डावा होता, खोटं मी बोलले. आणि पान का कोरं आहे, तेही.

तिने पान उलटून बघितलं. पुन्हा सुलटं केलं. बोटाने तारीख चाचपली. 'अडतीस वर्षं, ताई,' एवढंच म्हणाली. मग भिंतीकडे कूस वळवली. 'पडते मी जरा.'

माझी भेटीची वेळ सहापर्यंत होती. सहापर्यंत बसले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आत नेताना माझ्याकडे बघून म्हणाली, 'चष्मा नीट ठेव.' तेच शेवटचं.

सर्जन म्हणतात, गाठ पूर्ण निघाली. चष्मा माझ्या पर्समध्ये आहे, रुमालात गुंडाळून.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पाटी आणून दिली. दवाखान्यातल्या त्या प्लास्टिकच्या फळ्यावरचं पेन वाळलेलं. तिने लिहिलं, 'पाणी.' नंतर, 'पंखा कमी.' अक्षर अजून सुरेख आहे.

४ मार्च, बुधवार

माझ्याकडेच आणलंय. तिच्या घरी कोण आहे? नवरा जाऊन पाच वर्षं झाली. आणि मी काही लग्नाच्या भानगडीत पडले नाही, तेव्हा खोली रिकामीच.

पाटीवर 'मीठ', 'खिडकी', 'झोपले होते'. ती वही तिच्या उशाशी आहे. त्या वहीबद्दल पाटीवर एक अक्षर नाही. माझं मेलीचं तोंड तर दिवसभर चालू — भाजीवाला कसा फसवतो, वरच्या मजल्यावरची बाई फरशीवर काय आपटते. ती ऐकते. मान हलवते. पूर्वी उत्तर न येणाऱ्या फोनवर ती बोलत होती, आता मी बोलतेय.

रागावली असेल तर रागावू दे. हक्क आहे तिचा. पण मला कळावं.

९ मार्च, सोमवार

तिने खूण करून रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. शेवटी आजीच्या जागी नुसती शांतता, मग खरखर. डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली. पाटीला हात लावला नाही.

१४ मार्च, शनिवार

ठरवलं. उद्या तो भाग पुन्हा करायचा. आईचं मी वाचणार. नट नाही मी, वाचेन आपली. आजीचं वाक्य तिचं. तिला विचारलं नाही. नाही म्हणायला पाटी आहेच.

१५ मार्च, रविवार

वाचलं. तिच्यासमोर खुर्ची ओढून, रिमोट कानाला लावून. बुटांशी आले तेव्हा आवाज गेला, तरी रेटलं. मग आजीच्या वाक्यासाठी थांबले आणि पाटी पुढे केली.

तिने खडू घेतला. दोनच शब्द लिहिले आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

'डावा हात.'

खरंच की. उजव्यात धरला होता.