समोरच्या बाकावरच्या वकीलबाई

४ फेब्रुवारी

हरले! म्हणजे मतदान अजून व्हायचंय, पण आज सभागृहात त्या वकीलबाईने माझी पार दांडी गुल केली.

ठराव आमच्या गटाचा, बोलायचं मी. आमच्या घरामागची कारागिरांची गल्ली — सुतार, लेथवाले, पॉलिशवाले — तिचा झोन बदलून निवासी करायचा, आणि त्यांनी वर्षभरात शहराबाहेरच्या नव्या जागेत जायचं. मी निवडून आले तीच या शब्दावर. औषधाच्या दुकानात बसून इतकी वर्षं खोकल्याच्या बाटल्या विकतेय, मला त्या धुराचं कुणी सांगायला नको. शिवाय घरात बाबा. सासरे माझे. त्यांची खिडकी नेमकी गल्लीवर. पॉलिशचा वास सुरू झाला की त्यांची छाती वाजायला लागते.

तावातावाने बोलले. बाकं वाजली. मग समोरून ही उठली, गल्ली तिच्याच वॉर्डात. आणि काय करावं? आधी माझीच बाजू मांडली! माझ्यापेक्षा नीट. मी विसरलेले मुद्देसुद्धा घातले. आमच्याकडचे डुलकीसाहेब (ज्येष्ठ सदस्य, सभा सुरू झाली की यांचा डोळा लागलाच) जागे होऊन टाळ्या पिटायला लागले — त्यांना वाटलं, आपलीच बाई बोलतेय. आणि मग तिने एकेक मुद्दा हातात घेऊन वाटाण्याच्या शेंगेसारखा सोलला.

घरी येऊन ह्यांच्यापाशी कुरकुर केली, तर म्हणतात कसे, तुला ती आवडलेली दिसते. आवडलेली! मेली हुशार आहे, एवढंच.

५ फेब्रुवारी

आवडली.

९ फेब्रुवारी

आज लोकांच्या हरकती ऐकायच्या होत्या. आमच्या वॉर्डातल्या निवृत्त शिक्षिका बोलायला उभ्या राहिल्या. यंत्रांची दिवसभराची घरघर, कानात बोळे घालून बसावं लागतं, वगैरे. मागे गल्लीतली पोरं फिदीफिदी हसायला लागली. महापौर घंटा शोधत बसले!

वकीलबाई मागे वळली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "त्यांचं बोलणं पुरं होऊ दे. तोवर आपल्याला तोंड उघडायचा हक्क नाही."

चिडीचूप. भर सभेत स्वतःच्याच मतदारांना गप्प बसवायचं, हिंमत लागते. आमचे गटनेते तर आपल्या माणसाने खुर्ची फेकली तरी 'भावना तीव्र आहेत' म्हणतील.

१२ फेब्रुवारी

सकाळी फोन. वकीलबाई! तुमच्या सासऱ्यांना भेटायला येऊ का? तुमची बाजू मी ऐकीव मांडतेय, ते काही बरं नाही, म्हणे. मी नाही म्हणायच्या बेतात होते, तोंडातून 'या ना' बाहेर पडलं.

बरोबर पॉलिशच्या वेळेला आल्या. बाबांच्या खोलीत बसल्या आणि खिडकी उघडायला सांगितलं. मी म्हटलं, नको हो. तर मला सोडून त्यांनी बाबांनाच विचारलं. बाबा म्हणाले, उघड, कळू दे त्यांना. डोळ्यांतून धारा लागल्या बाईच्या, पण जागच्या हलल्या नाहीत. पूर्ण दुपार बसून राहिल्या.

बाबा काय खुलले होते! ते भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज हमरस्त्यापर्यंत जायचा, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. वकीलबाई म्हणाल्या, मग एकदा पुकाराच. बाबा ताठ बसले. 'एक वार' झालं. 'दोन वार' झालं. तिसऱ्याला जी ढास लागली, ती थांबेना. मी पाणी आणायला धावले. परत येते तो त्या बाबांना पाठीमागून धरून बसलेल्या, पदर पार भिजलेला.

सभागृहात शेवटचा शब्द नेहमी वकीलबाईंचा. आज एक अक्षर न बोलता गेल्या. मला त्यांना चहा घ्या म्हणायचंही सुचलं नाही.

१६ फेब्रुवारी

आपणही हेच करायचं! त्यांची बाजू त्यांच्यापेक्षा नीट मांडायची आणि मग सोलायची. बघू या त्यांना कसं वाटतं. म्हणून दुकान ह्यांच्यावर सोपवून गल्लीत गेले.

इतक्या वर्षांत नाक दाबूनच गेलेय तिथून. आज आत शिरले. टेबलाचा एक पाय बनताना पाहिला. एका दारात कापला, शेजारच्या दारात लेथवर गोल झाला, समोर घासला, पलीकडे पॉलिश झाला. नेणं-आणणं सगळं हातावर, टेम्पो नाही की काही नाही. ही गल्ली म्हणजे एकच कारखाना आहे, मध्ये भिंती आहेत इतकंच. आणि नव्या जागेत गाळे सोडत काढून देणार! सुतार एका टोकाला, पॉलिशवाला दुसऱ्या टोकाला. आमच्या ठरावात हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही. माझ्याही.

पॉलिशवाली माझंच गिऱ्हाईक निघाली. बाबांना देते तेच औषध ती नेते. तिला म्हटलं, बाहेर मोकळ्या हवेत गेलात तर बरं नाही का? ती हात न थांबवता म्हणाली, "खोकला जाईल, ताई. कामही जाईल."

 

२१ फेब्रुवारी

बाबांसमोर भाषणाची तालीम. गल्लीची बाजू मांडली. फक्कड जमली! बाबा उशीला टेकून ऐकत होते. आता खोडायची वेळ आली, आणि तोंडातून शब्द फुटेना.

बाबांनी विचारलं, पुढे? म्हटलं, पुढचं अजून बसवायचंय. खोटं बोलले. दोन दिवस दुसरं काही करत नाहीये मी.

मुद्दे आहेत तसे. पण प्रत्येकासमोर ती पॉलिशवाली ब्रश घेऊन बसलेली दिसते.

२३ फेब्रुवारी

डुलकीसाहेबांनी आज सगळी आकडेमोड सांगितली (जागे होते!). ठराव एका मताने पास होणार. म्हणजे मी फिरले तर पडणार.

२६ फेब्रुवारी

उद्या मतदान. ठरलं माझं. विरोधात.

ह्यांना सांगितलं. पुढच्या वेळी उमेदवारी विसर, म्हणाले. ते मी धरूनच चाललेय. मग म्हणाले, आणि बाबांचं काय? मागची खोली त्यांना देऊ, असं काहीतरी पुटपुटले. मागच्या खोलीत वास येत नाही थोडाच!

शेवटी बाबांपुढेच जाऊन बसले. सगळं सांगितलं. लाज वाटत होती. या माणसाने मला सुनेसारखं कधी वागवलंच नाही, आणि मी त्याच्या श्वासाचा सौदा करून आले होते. ते दम घेत घेत म्हणाले, "मत तुझं आहे, माझ्या खोकल्याचं नाही. मला विचारून देऊ नकोस."

स्वयंपाकघरात जाऊन रडले. कसली माणसं वाट्याला आलीत माझ्या!

२७ फेब्रुवारी

मी गल्लीची बाजू मांडली आणि खोडली नाही. गटनेते माझ्याकडे बघेनात.

मग वकीलबाई उठल्या. नेहमीप्रमाणे आधी समोरची बाजू. बाबांचं सगळं सांगितलं, नाव न घेता. आता खोडतील, आता खोडतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. त्या खाली बसल्या.

महापौरांनी हात वर करायला सांगितले. माझा विरोधात. वकीलबाईंचा बाजूने!

ठराव पास. एका मताने. आम्ही दोघी घरी झोपून राहिलो असतो तरी हेच झालं असतं.

जिन्यात गाठ पडली. म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतंत." म्हटलं, तुम्ही तरी कुठे सांगितलंत? हसायला गेलो, जमलं नाही. एवढ्यात गल्लीतली मंडळी खाली उतरली. पॉलिशवालीने माझा हात धरला. वकीलबाईंकडे एकानेही पाहिलं नाही.

मी त्यांच्याबरोबर चालत त्यांच्या घरापर्यंत गेले.