आपल्या मागल्या दाराचा तारांकित प्रश्न

अण्णा, आपलं मागलं दार दोन महिन्यांपूर्वी माझ्या टेबलावर आलं. दार म्हणजे दाराचा फोटो. जुन्या फायलीत टाचलेला, कडा पिवळ्या पडलेला. पण मी लांबूनच ओळखलं. निळा रंग, आईनं ओले हात पुसून पुसून मधोमध रंग उडवलेला पट्टा, आणि खालच्या कोपऱ्यात मांजरीला यायला-जायला तुम्ही करवतीनं कापलेलं अर्धगोल भोक. त्या भोकावर नंतर ठोकलेला तेलाच्या डब्याचा पत्रा. मांजरीचं भोक असलेलं दुसरं दार कुठल्या सरकारी फायलीत असेल असं मला वाटत नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि मी भर कार्यालयात त्या फोटोवर हात ठेवून बसले. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, बीपीची गोळी घेतली नाही का. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला लिहायचं. आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "पोस्टात बी टाकून ये, तेवढंच राह्यलंय."

तुम्ही निवृत्त झालात, हातातला खडू गेला, आणि पोरांना विचारायचे राहिलेले सगळे प्रश्न तुम्ही सरकारला विचारायला लागलात. त्याला कारण आमदारसाहेबांचे पीए. अधिवेशन जवळ आलं की त्यांची मोटारसायकल आपल्या अंगणात थांबायची. "गुरुजी, जल्दी धा-बारा प्रश्न काढून द्या. मागच्या टायमाला तुमचा बराबर लागल्ता, साहेब लई खूश झाले." मग तुम्ही स्वयंपाकघरात मागल्या दारापाशी पाट टाकून बसायचे, कारण घरातला चांगला उजेड तेवढाच. माझ्या कॉलेजच्या वह्यांची उरलेली कोरी पानं, मांडीवर पाटी आणि शाळेत फळ्यावर काढायचे तसलं टपोरं अक्षर. अमुक गावचा रस्ता उखडला आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? हे शेवटचं वाक्य तुम्ही मोठ्यानं वाचायचे आणि वाचून झाल्यावर चहा मागायचे. रस्ता आमदारसाहेबांनी पाहिलेला नसायचा, मंत्र्यांनी तर नकाशातही नाही, पण मुंबईत छापलेल्या यादीत आपल्या गावाचं नाव आलं की तुम्ही ती झेरॉक्स दोन दिवस खिशात घेऊन फिरायचे.

मग हळूहळू तुमचं घरातलं बोलणंही तसंच झालं. पहिला घास घेऊन तुम्ही गंभीरपणे विचारायचे, "आज वरणात मीठ जास्त झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही करण्यात येत आहे?" चौथीपर्यंत शिकलेली आई, पण छापील उत्तरं तुम्ही इतक्या वेळा वाचून दाखवली होती की तिला तोंडपाठ. भाकरी परतत परतत म्हणायची, "हे खरं न्हाई. गुरुजीची जीभच खराब हाये. बाकीचा प्रश्न उद्भवत न्हाई. गप जेवा." शासन इतक्या तत्परतेनं दुसरीकडे कुठं उत्तर देत नसेल.

आणि मग मला जालन्याला शिक्षण विभागात नोकरी लागली, तीसुद्धा नेमकी अशा टेबलावर की जिथं हे प्रश्न येऊन पडतात. तुम्हाला काय आनंद झाला होता! सकाळी गावातून भोकरदन, तिथून जालन्याची एसटी, एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या डब्यांच्या वासात दीड तास उभं राहून मी कार्यालयात पोचायचे. अधिवेशन सुरू झालं की सगळ्यांच्या रजा बंद. मुंबईहून फोन यायचा, दुपारी बारापर्यंत उत्तर पाठवा, आणि फोन बारा वाजून दहा मिनिटांनी आलेला असायचा. आमच्या टेबलावरचे बडे बाबू या कामात मुरलेले. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं, "पोरी, समदा प्रश्न वाचत बसू नको. प्रश्नात एक तरी शब्द चुकलेला असतोय, तेवढा हुडक. दोन वर्षांपासून बंद म्हणला आन् तेवीस महिने झालेले निघाले, की लिही, हे खरे नाही. मंग खालचं समदं आपोआप उद्भवत न्हाई." मी शिकले. तुमच्याच हाताखाली वाढले होते. दहा ओळींच्या उत्तरात एक काना चुकला तर तुम्ही माझे मार्क कापायचे. चूक हुडकणं मला नवीन नव्हतं.

तो प्रश्न तुम्ही माझ्यासमोर लिहिला. मी मेथी निवडत होते. तुम्ही सहज शाळेत जाऊन आला होता. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार मोडून पडलं होतं, कुणीतरी त्याची लाकडं नेली होती, आणि मधल्या सुट्टीत घरी गेलेल्या मोठ्या पोरी परत येत नव्हत्या. तुम्ही मला विचारलंत, "तू शाळेत होतीस तेव्हा होतं का गं दार?" मी म्हणाले, तेव्हा स्वच्छतागृहच नव्हतं, अण्णा. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचं नाही, एवढंच ठरलेलं होतं. त्याच शाळेत तुम्ही मला चार वर्षं शिकवलं, आणि हे तुम्हाला त्या दिवशी कळलं. तुम्ही पाटी मांडीवर ओढलीत. मग लिहिलंत: गावच्या शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहास दरवाजा नाही, हे खरे आहे काय? खालचे दोन भाग नेहमीचेच. तुमच्या सगळ्या प्रश्नांत हा सगळ्यात लहान होता.

पीए कागद घेऊन गेले. अधिवेशनाला दीड महिना होता. चार दिवस तुम्ही कसेबसे काढले आणि पाचव्या दिवशी, आई शेतात गेलेली पाहून, शेजारच्या सुतारांना बोलावून आपलं मागलं दार बिजागऱ्यांसकट उतरवलंत. दोघं डोक्यावर घेऊन शाळेत गेलात. ते माप जमेना म्हणून वरून चार बोटं कापलंत, ती जरा जास्तच झाली, भोकावर पत्रा ठोकलात आणि दार बसवून आलात. संध्याकाळी मी एसटीतून उतरून घरी येते तर आई स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून उभी. समोर दाराची चौकट, चौकटीत म्हैस, म्हैस आत बघतेय.

"दार कुठं गेलं?"

"शाळेत लावून आलो. पोरींनी काय अधिवेशन होईस्तोवर दम धरून बसायचं का?"

"आन् मी म्हशीसमोर सैपाक करायचा का? मला इचारलं होतं?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणली असती का?"

"बिलकुल म्हणले नसते!"

"मंग. म्हणून न्हाई विचारलं."

आईनं जुनी हिरवी साडी काढून चौकटीला बांधली. त्या रात्री मांजर आली, भोकाच्या जागेवर येऊन थांबली, सगळी चौकट उघडी असूनही तिला कुठून यावं ते कळेना. तिच्याकडं बघून आईला हसू आलं आणि तुम्ही सुटलात.

आणि मग तो प्रश्न कार्यालयात आला. छापील, तारा लागलेला, म्हणजे मंत्र्यांनी उभं राहून उत्तर द्यावं असा. नंबर लागला नाही तर उत्तर नुसतं छापून मिळतं. शाळेला फोन केला. मुख्याध्यापकांनी घाईघाईनं फोटो काढून पाठवला. फोटोत आपलं दार! कडी लावलेलं, ताठ उभं, सरकारी नोकरीत कायम झाल्यासारखं. मी मसुदा लिहिला: हे खरे नाही. सदर स्वच्छतागृहास दरवाजा असून तो नियमित वापरात आहे. भाग दोन, प्रश्न उद्भवत नाही. भाग तीन, प्रश्न उद्भवत नाही. साहेबांनी सही केली, कागद मुंबईला गेला.

पंधरा-वीस दिवसांनी पीएंनी झेरॉक्स आणून दिली. मी घरी आले तेव्हा तुम्ही पाटावर बसून ती वाचत होता आणि मागं हिरवी साडी वाऱ्यानं हलत होती. आईला वाचून दाखवलंत. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझं दार मुंबईपर्यंत गेलं म्हणा की." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मग पाणी पिऊन तुम्ही कागद पुन्हा पाहिलात, चष्मा काढलात आणि माझ्याकडं न बघता विचारलंत, "सदर उत्तराचा मसुदा याच घरात राहणाऱ्या व्यक्तीने केला आहे, हे खरे आहे काय?"

मी ताटातल्या भाकरीकडं बघत म्हणाले, "माहिती घेण्यात येत आहे."

आई हसली, तुम्हीही थोडं हसलात. मग कागदाची नीट घडी घालत म्हणालात, "कुणी का लिहिना. मसुदा पक्का हाये. शब्द कमी, चूक एक न्हाई. पूर्ण मार्क द्यावे लागतील." आणि जेवायला बसलात. त्या दिवशी मिठाबद्दल काही विचारलं नाहीत.

पुढं जे झालं ते तुम्ही निम्मंच पाहिलं. मंत्र्यांनी दार आहे म्हणून सांगितलेलं, त्यामुळं नवीन दार मागायचं तर आधी ते नाही असं लिहावं लागणार, आणि तसं लिहिलं तर मंत्री खोटे पडणार. म्हणून कुणी लिहिलं नाही. त्याच भीतीनं आपलंही दार परत आणता आलं नाही. तुम्ही नंतर पत्र्याचं दार बसवलंत, त्याला आईनं कधी दार म्हटलं नाही, "तो पत्रा" म्हणाली. पीए पुढच्या अधिवेशनाला आले तेव्हा तुम्ही त्यांना रस्त्याचे, विजेचे प्रश्न दिलेत. शाळेचा एकही दिला नाहीत. का दिला नाहीत ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. शाळेचे प्रश्न माझ्या टेबलावर येतात.

दोन महिन्यांपूर्वी आला तो नवीन आमदारांचा प्रश्न. शब्द वेगळे, शाळा तीच: स्वच्छतागृहास वापरण्यायोग्य दरवाजा नाही, हे खरे आहे काय? दार खालून कुजलंय, कडी निघालीय, पोरी पाळीपाळीनं बाहेर उभं राहून ते धरून ठेवतात. आता त्या टेबलाची वरिष्ठ मीच आहे. नवे साहेब म्हणाले, "मॅडम, जुन्या फायलीत उत्तर तयारच हाये की. तेच पाठवून द्या." मी फाईल काढली, फोटो पाहिला, आणि लिहिलं: होय, हे खरे आहे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं, अण्णा. साहेबांनी त्यात पेनानं "अंशतः" घातलं. मी विचारलं, साहेब, दार अंशतः नाही म्हणजे कसं? तर म्हणाले, "वरचा भाग हाये ना!" मी फोटो मागवला, आणि वरूनही तुम्ही कापलेलं चार बोटं कमी होतं ते त्यांना दाखवलं. शेवटी वैतागून त्यांनी "अंशतः" खोडलं. लोखंडी दाराची मंजुरी निघाली, दार बसलंसुद्धा. जुनं दार मी टेम्पोत घालून घरी आणलं. आईनं त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आलं का बदलीवरून?" आता ते मागल्या भिंतीला टेकवून ठेवलंय, आणि आत्ताची मांजर त्याच्या सावलीत झोपते.

म्हणजे तुमच्या जेवणाच्या वेळच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं, ते देते. होय, हे खरे आहे. मसुदा मीच केला होता. विलंबाचं कारण, मला तुमच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

आईला मी नंतर सांगितलं होतं की साहेबांनी जबरदस्तीनं लिहायला लावलं, मी नवी होते, काय करणार. तिनं ते तुम्हाला सांगितलंच असेल. ते खरं नाही. तेव्हाचे साहेब भले होते. त्यांनी फोटो बघून मला विचारलं होतं, "हे तुमचंच गाव ना? दार शाळेचंच हाये का?" मी एका वाक्यात सांगू शकले असते. पण मला प्रश्नातला चुकलेला शब्द सापडला होता, तोही तुमच्या प्रश्नातला. मी म्हणाले, "हो साहेब, शाळेचंच." हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, जुन्या दारावरच्या मांजरीच्या भोकाच्या पत्र्यामागं सरकवून ठेवणार आहे, म्हणून एवढंही लिहून टाकते. तुम्ही पूर्ण मार्क दिलेत ना, तेव्हा मागं साडी हलत होती, आई पदरानं डोळे पुसत हसत होती, आणि मला सगळं कळत होतं. तरी अण्णा, मला आनंद झाला होता.