चव्वेचाळीस नंबरचा न दमणारा पोरगा

लिंकन, नेब्रास्का
रविवार, चर्चहून आल्या आल्या

तीर्थरूप अर्डिथ आत्या हिला एमेटचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील).

इकडे मी बरा आहे. तुझा नवा खुबा कसा आहे? जिना चढतेस असं ऐकलं, पण उतरतेस का, ते कुणी सांगेना. गारांनी तुझ्या मागच्या खोलीचं छप्पर किती फुटलं? आणि तुझा फोन मात्र एकदा कुणाला तरी दाखवच. नोव्हेंबरपासून मी एकवीस वेळा केला. चार वेळा उचलला गेला, तुझं "हॅलो" अगदी खणखणीत ऐकू आलं, आणि मी "आत्या, मी एमेट" म्हटलं रे म्हटलं की लाइन तुटते. चारही वेळा नेमकी तिथेच. नाताळचं कार्ड पोचलं. आत काहीच लिहिलेलं नव्हतं, सहीसुद्धा नाही. शाई संपली असेल, असं मी धरून चाललो आहे. म्हणून हे पत्र.

माझं कसं चाललंय विचारशील (विचारणार नाहीस, पण मी सांगतो), तर डोकं ठिकाणावर नाही. सत्तावीस वर्षं मी कॉलेजच्या पोरांचा फुटबॉल बघून पोट भरतो आहे. कोण किती पळतो, कोण मार खाऊन उठतो, कोण आईला फोन करतो आणि कोण नुसतं सांगतो की केला, हे सगळं लिहून संघाला द्यायचं, आणि एप्रिलात ड्राफ्टच्या दिवशी बत्तीस व्यावसायिक संघ पाळीपाळीनं त्या पोरांतून आपापली निवड करणार. आमच्या साहेबांना, म्हणजे रॉइस हेव्हरकॅम्पना, मी आजवर खूप पोरं सुचवली. काही निघाली, काही विमा विकताहेत. पण या वर्षी मला असा एक पोरगा सापडला की मी लिहिताना खुर्चीत बसू शकलो नाही. प्लॅट फोर्क्स कॉलेज, बचावाच्या फळीत बरोब्बर मधोमध, जर्सी नंबर चव्वेचाळीस. ब्रॉक्टन हेस त्याचं नाव. हेल्मेटमधून पाठीवर पिवळे केस एवढे लांब सोडलेले की जर्सीवरचं नाव झाकून जावं.

माझा अहवाल मला तोंडपाठ आहे (साहेबांनी तो दोनदा मोठ्यानं वाचून घेतला). 'हा खेळाडू दमत नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत पहिल्या पंधरा मिनिटांइतकाच ताजा. डावा आणि उजवा, दोन्ही खांद्यांनी सारखाच आदळतो. असं मी पाहिलेलं नाही. स्वभाव: एका डावाला जाळ, पुढच्या डावाला गार पाणी, स्वतःवर विलक्षण ताबा. उंची सहा फूट दोन इंच. (पावसातल्या सामन्यात सहा फूट वाटला. चिखलात बूट रुतले असावेत.)' साहेब म्हणाले, "एमेट, सत्तावीस वर्षांत तू कुणाबद्दल असं लिहिलेलं नाहीस." आणि त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर ब्रॉक्टनच्या नावाची पट्टी काढून थेट दुसऱ्या फेरीत लावली. मी त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत होतो, हे शेजारीण अजून सांगते.

फेब्रुवारीत इंडियानापोलिसला सगळ्या संघांसमोर पोरांना तागडीत घालतात. घोड्याचे दात मोजावेत तसे पंजेसुद्धा मोजतात. ब्रॉक्टन तिसऱ्या कसरतीलाच गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकू लागला. मी वहीत लिहिलं: 'सर्दी असावी.' मुलाखतीत मी त्याला डाव्या खांद्याचं गुपित विचारलं. "डाव्यानं?" तो म्हणाला. "डाव्या हातानं मी दारसुद्धा उघडत नाही, सर." मी लिहिलं: 'विनयशील.'

मग मार्च आला. प्लॅट फोर्क्सच्या मैदानावर सगळे पारखी जमलेले, ज्याच्या त्याच्या हातात स्टॉपवॉच. तिथल्या पोरांनी आमच्यासमोर चाळीस यार्ड पळून दाखवायचं होतं. दारातून चव्वेचाळीस नंबर बाहेर आला. त्याच्या मागोमाग चव्वेचाळीस नंबर बाहेर आला. तेच पिवळे केस, तीच छाती, तोच आकडा. मी उजवा डोळा झाकला. दोन. डावा झाकला. दोन. शेजारच्या माणसाला विचारायची छाती होईना, कारण त्याला एकच दिसत असता तर माझी नोकरी तिथेच संपली असती. मी मैदान सोडलं, गाडीत बसलो आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्या बाईंनी अर्धा तास तपासलं आणि म्हणाल्या, "तुमच्या वयाला डोळे उत्तम आहेत. काय दिसलं होतं?" मी म्हटलं, "एक फार चांगला पोरगा. दोनदा." त्यांनी मला पाणी दिलं.

परत गेलो तेव्हा मैदान रिकामं झालं होतं. प्रशिक्षक स्टबलफील्ड एकटेच मैदानावरचे खुणेचे शंकू गोळा करत होते. त्यांनी मला जे सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं सांगतो, कारण माझ्या शब्दांत सांगितलं तर मलाच खरं वाटत नाही. चार वर्षांपूर्वी ते ब्रॉक्टनच्या घरी गेले होते, त्याला कॉलेजात ओढायला. स्वयंपाकघरात बसले, बापानं विचारलं, माझ्या पोराला चव्वेचाळीस मिळेल का? (तो आकडा त्या कॉलेजात देवासारखा, कुणी थोर तो घालून खेळला होता.) प्रशिक्षक हो म्हणाले. दोन दिवसांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या स्वयंपाकघरात टोबायस लिंड नावाच्या पोराच्या आईनं ऱ्हुबार्बची घरी भाजलेली आंबटगोड पाई पुढे ठेवली आणि तेच विचारलं. "ती पाई तुम्ही खाल्ली नाहीत," स्टबलफील्ड मला म्हणाले, "नाहीतर तुम्हीही हो म्हणाला असतात." नियमात बसतं ते. एका संघात एकाच आकड्याचे दोघे चालतात, फक्त एकाच वेळी मैदानात नकोत. म्हणून त्यांनी दोघांना एकच जागा दिली. एक दमला की बाहेर, दुसरा आत. "मग कोणत्या डावाला कोण होता, याची नोंद?" मी विचारलं. "नोंद कसली? मी 'चव्वेचाळीस!' म्हणून ओरडायचो, जो जवळ असेल तो धावायचा."

म्हणजे आत्या, माझा पोरगा दमत नव्हता, कारण तो अधूनमधून बाकावर बसून पाणी पीत होता.

आता तू म्हणशील, गाढवा, सामन्याच्या छापील यादीत दोन नावं नव्हती का? होती. चव्वेचाळीस हेस, चव्वेचाळीस लिंड. मी छापणाऱ्याची चूक समजलो आणि टोबायसचं नाव माझ्याच पेनानं खोडलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. आणि नव्या पोरांना कामावर घेतो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना मी बजावत असतो, 'कॉलेजात एका आकड्याचे दोघे असू शकतात, आधी यादी बघा.' लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला त्या खोडलेल्या नावाची फार लाज वाटते. सत्तावीस वर्षं मी आकडे बघत आलो आणि समजत आलो की पोरं बघतो आहे.

मग मी दोघांना वेगवेगळं बसवून चित्रफिती दाखवल्या. ब्रॉक्टनला विचारलं, यातला तू कोणता? तो म्हणाला, "सगळे मीच, सर." एक डाव असा होता की चव्वेचाळीस नंबर सपशेल फसतो आणि बुडावर आपटतो. "तो टोबायस," ब्रॉक्टन म्हणाला. टोबायसला विचारलं तर तो बराच वेळ बघून म्हणाला, "यातलं चांगलं बहुतेक ब्रॉक्टनचंच असेल." आणि आपटलेला? "तो मी असेन. पण सर, त्या सामन्याला मी तापानं घरी होतो." एवढं होऊनही मला अजून दोघांतला फरक कळत नाही. मी फिती इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता मला तिसराही एक दिसू लागला आहे.

तर परिस्थिती अशी. ड्राफ्टला बारा दिवस आहेत. मी काही बोललो नाही तर आमचा संघ ब्रॉक्टनला उचलणार, आणि ज्या पोरासाठी उचलणार तो पोरगा जगात नाहीच. टोबायसचं नाव एकाही संघाच्या एकाही यादीत नाही. तो जूनपासून बापाबरोबर धान्याच्या कोठारावर काम धरणार आहे. आणि मी बोललो तर साहेब मला त्याच दुपारी खोकं देतील, टेबल रिकामं करायला. मी पुष्कळ विचार केला. झाकली मूठ सव्वा लाखाची. बत्तीस संघांत कुणाला काय कळणार आहे? मी गप्प बसणार, हे नक्की. तुला सांगितलं ते केवळ मन मोकळं करायला. तुझ्याकडून मला काहीही नको आहे.

खुब्याला जप. चर्चमधल्या बायकांना माझा नमस्कार सांग (त्या माझ्याशी बोलतात असं धरून).

तुझा आज्ञाधारक भाचा,
एमेट

ता. क. फोनचं म्हणशील तर मला कारण माहीत आहे. नोव्हेंबरात तुझ्या घरी टीव्हीवर प्लॅट फोर्क्सचा सामना लागला होता. चर्चच्या पाच बायका बसल्या होत्या, आपण वाडग्यातून चिलीचा रस्सा आणि दालचिनीचे रोल खात होतो, आणि तू म्हणालीस, "एमेट, हा मघाचा पोरगा नव्हे रे. मघाचा डाव्या पायावर रेलून उभा राहायचा, हा उजव्या." मी सगळ्यांसमोर हसलो आणि म्हणालो, "आत्या, आता तुझं वय झालं, तुला एकाचे दोन दिसतात." एकतीस वर्षं तू शाळेच्या संघाच्या फाटक्या विजारी शिवल्यास, पाठमोरा पोरगा चालीवरून ओळखायचीस, हे त्या पाचही जणींना ठाऊक होतं. माझं चुकलं. डॉक्टरीणबाईंसमोर बसून एक डोळा झाकला तेव्हा मला तुझंच तोंड दिसत होतं. हे पत्र त्या पाचही जणींना वाचून दाखवलंस तरी चालेल.

ता. क. २. वर गप्प बसणार असं लिहिलं आहे, ते खरं नाही. शुक्रवारी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते उठून फळ्यापाशी गेले. मग त्यांनी ती पट्टी काढून माझ्या हातात दिली. "बुधवारपर्यंत मला दोन अहवाल हवेत," ते म्हणाले. "दोन पोरांचे दोन. त्यात भेसळ दिसली तर तिसरा तुझ्याबद्दल मी लिहीन." म्हणून सोबत खोकं पाठवतो आहे. त्यात सहा डिस्क आहेत, दोनशे बारा डाव, दोन पेन्सिली आणि दोन रकाने आखलेली वही: एक ब्रॉक्टनचा, एक टोबायसचा. प्रत्येक डाव बघायचा आणि ज्याचा असेल त्याच्या रकान्यात आकडा टाकायचा. घाई करू नकोस, पण मंगळवारपर्यंत हवं. पाचही बायकांना बसवलंस तरी चालेल. चिलीचं सामान मी पाठवतो.

ता. क. ३. टोबायसला मी खरं काय ते सांगितलं, त्याचं नाव मी खोडलं होतं तेही. आज सकाळी त्याचा फोन आला. ड्राफ्टबद्दल तो एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "सर, त्या अहवालातलं माझं कोणतं आहे?" मी म्हटलं, अजून माहीत नाही. तो म्हणाला, "कळलं की मला वाचून दाखवाल का? एखादी ओळ असली तरी चालेल. आईला सांगता येईल." मी हो म्हटलं आहे. आता तू हो म्हण.