दोघांसाठीच्या क्लचप्लेटा

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
श्रावणी सोमवार (इथे कचरा न्यायचा वार)

चि. एकनाथ यास,

अनेक आशीर्वाद. (पासष्टीच्या आजोबाला चिरंजीव लिहिताना हात अडतो, पण तुझ्या अक्काने, माझ्या वसुधाने, तुला शेवटपर्यंत तसंच लिहिलं, आणि तिच्या पद्धती बदलायची परवानगी मला या घरात कधीच नव्हती.) तुझी प्रकृती, सौ.चे गुडघे आणि कराडचा पाऊस, सगळं बेताचं आहे ना? मी ठीक आहे. म्हणजे जेवतो, झोपतो, आणि कोणी विचारलं की ठीक आहे म्हणतो. पत्र हाताने लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे, कारण टपालाने पोचेपर्यंत इथे बर्फ पडेल.

खबर अशी, की मोटरसायकलचा क्लच गेला. तीच जुनी जपानी, जिच्यावर दर ऑक्टोबरात वसुधा आणि मी ब्लू रिजच्या डोंगरात रंगलेली पानं बघायला जायचो. चैत्रात वसुधा गेली (तू फोनवर रडलास, मी नाही, माझं मागाहून झालं) तेव्हापासून गाडी गराजमध्ये उभीच होती. गेल्या महिन्यात धीर करून बाहेर काढली. कॉलनीच्या चढावर ॲक्सिलरेटर पिळला, तर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागच्या जागी! एक बाई कुत्र्याला फिरवत मला मागे टाकून गेली. कुत्रा म्हातारा होता, आणि जरासा लंगडत होता.

पुढची चूक माझीच. इथल्या मराठी मंडळातल्या निवृत्तांच्या ग्रुपवर मी विचारलं, नव्या प्लेटा कुठल्या घालू? अरे, क्लच म्हणजे बशीएवढ्या चकत्यांची चळत. एक कॉर्क लावलेली, एक नुसती लोखंडी. झिजल्या की घसरतात, एवढंच. पण त्या ग्रुपमध्ये पीएचडीच फार. संजीवने (धातुशास्त्र, आयुष्यात साधी स्कूटर चालवलेली नाही) घर्षणावर आलेखांसकट निबंध पाठवला. अरुणने कॉर्क म्हणजे मागासलेपणा असं जाहीर केलं. त्यावरून दोघांचं गेल्या गणपतीतल्या मोदकांच्या ऑर्डरचं भांडण उकरून निघालं, आणि आता मंडळाची आरतीची प्रॅक्टिस दोन वेगळ्या बेसमेंटमध्ये चालते. प्लेटांचं उत्तर कोणीच दिलं नाही. शेवटी आमच्या नकुलला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, जस्ट सेल इट. यू डोन्ट ईव्हन राइड एनीमोअर." पोरगा वाईट नाही. त्याला गराजमधली ती गाडी बघवत नाही, आणि मला तिथली रिकामी जागा बघवणार नाही, एवढाच फरक.

मग ओहायोतल्या एका दुकानाला फोन लावला, जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या. त्या माणसाने मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं, आणि मग म्हणाला, "सोलो ऑर टू-अप?" म्हणजे एकटेच चालवणार, की मागे कोणी बसणार? एकट्याला साध्या प्लेटा आणि मऊ स्प्रिंगा पुरतात. दोघांचं ओझं ओढायला जाड प्लेटा आणि घट्ट स्प्रिंगा लागतात. साधा प्रश्न. बँकेने, इन्शुरन्सवाल्यांनी, दवाखान्याने मला हाच प्रश्न या ना त्या शब्दांत विचारला होता, आणि मी सगळीकडे मुकाट्याने उत्तर दिलं होतं. इथे मात्र मी फोन कानाला धरून गाडीच्या मागच्या सीटवरची धूळ पुसत राहिलो. तो बिचारा हॅलो हॅलो करत राहिला. मी "टू-अप" म्हणालो, पैसे भरले, फोन ठेवला आणि गराजमध्येच बसून रडलो. तुला सांगतो, कारण या घरात हे मराठीत सांगायला कोणी उरलेलं नाही.

आता गंमत ऐक. स्प्रिंगा घट्ट, म्हणजे क्लचचा लिव्हर दाबायलाही तेवढाच जोर हवा, आणि माझ्या डाव्या हाताच्या बोटांत संधिवात. म्हणून हाताला व्यायाम व्हावा यासाठी रोज सकाळी लिंबू पिळायच्या दाबणीत डाव्या हाताने लिंबं पिळतो. (हालचाल अगदी क्लचसारखीच, करून बघ.) फ्रिजमध्ये सरबताशिवाय काही मावत नाही. शेजाऱ्यांना वाटून झालं, मेक्सिकन माळ्याला झालं, पोस्टमनला झालं. पोस्टमन आता आमची पत्रं शेजारच्या पेटीत टाकतो. हात मात्र सुधारतो आहे.

असो. घरातल्या थोरांना वाकून नमस्कार (आता आपल्याहून थोर कोण उरलंय म्हणा), आणि लहानांच्या पाठीवरून हात.

तुझा,
गुरुदत्तभाऊजी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुझं वजन किती, ते खरं खरं कळव. तुझा व्हिसा अजून चालू आहे, मला माहीत आहे. ऑक्टोबरात ये. मागे बस, आणि एकदा त्या डोंगरात जाऊन येऊ. मला तिथे एकट्याने जायचं नाही रे. पण जमत नसेल तर मोकळेपणाने सांग. महिनाअखेरपर्यंत दुकानवाला प्लेटा परत घेतो; मी एकट्याच्या मागवीन. अजिबात रागावणार नाही.

आणखी एक ता. क. आत्ता गराजमध्ये जाऊन खोकं उघडून पाहिलं. प्लेटा परत जाणार नाहीत. घरात नवी वस्तू आली, मग तो फ्रिज असो की केरसुणी, वसुधा आधी तिला कुंकू लावायची. तिच्या सवयीने, खोकं आलं त्याच दिवशी मीही एकेका प्लेटेला लावून ठेवलं आणि विसरून गेलो. कॉर्कमध्ये मुरलंय, पुसून जात नाही. तिच्या करंड्यात होतं तेवढं सगळं त्यातच संपलं. तेव्हा एकनाथा, येच.