नाव न घेता भरलेली यादी

३ डिसेंबर

‘बोट तुझंच ना?’ — संपलं! सासूबाईंपुढे वकील फिका. मी इतकंच विचारलं होतं, की सासऱ्यांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, कबूल, पण टाइप केलं तर चालेल का?

त्यांच्या नावात सूर्य आहे. म्हणून लग्न झाल्यापासून मी ‘ऊन पडलं’सुद्धा म्हणत नाही. ‘वरचा तापलाय’ म्हणते. माझंही नाव बदललं. या घरात मी नोलुखान्यो. माहेरची झिमखिथा तिकडे मोंटी शहरात ऑफिसच्या खुर्चीवर राहिली. ती खुर्ची मला परत हवी आहे. ऑफिसवाले जानेवारीपर्यंतच थांबतील.

सासरे म्हणाले, ‘गावच्या अंत्यविधी मंडळाची यादी मशीनवर चढव. सभेत चालली, तर जा नोकरीला.’ काम सोपं. कुणी गेलं की चिटणीसानं मेनू उघडायचा, नाव निवडायचं, तंबू आणि भांडी रवाना. सगळ्या सभासदांची नावं मेनूत हवीत. एक सोडून सगळी टाकली!

५ डिसेंबर

मेनू उघडला. नावं नाहीतच! प्रत्येक ओळीत ‘सभासद’ आणि पुढे आकड्याअक्षरांचा कचरा. माझीच चूक. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सभासद ही एक वस्तू. मी यादीतून फिरून एकेकाला विचारते, तुला काय म्हणतात? पण स्वतःचं नाव सांगायला शिकवलं नाही, तर वस्तू फक्त आपलं कूळ सांगते.

सासूबाई मागून डोकावल्या. ‘हे सगळे मेले का?’

६ डिसेंबर

शिकवलं. आता सगळे नीट बोलतात. एक ओळ कोरी.

९ डिसेंबर

युक्ती सुचली! एक रकाना केला — ज्यानं त्यानं आपलं नाव आपणच भरायचं. सासऱ्यांनी एका बोटानं भरलं. एकेक अक्षर शोधताना कोंबडी दाणे टिपते तसं बोट चाललं होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभी. हुशारीचा कळस! मीच माझी पाठ थोपटली.

१६ डिसेंबर

सभा. शाळेत सगळं गाव. मेनू पहिल्या झटक्यात उघडला, नावं ओळीनं खाली. तेवढ्यात अध्यक्ष सिफुन्झी म्हणाले, ‘आमचे डोळे गेलेत, सूनबाई. मोठ्यानं वाच.’

मी वाचत गेले. त्या ओळीशी आले. थांबले. माझं बोट त्या ओळीवर, तोंड बंद. कुणीतरी खोकलं. ‘मशीन अडकलं काय?’ — अध्यक्ष. मागून एक म्हातारी ओरडली, ‘मशीन नाही अडकलं, संस्कार अडकलेत!’ बायकांनी उलू-लू करून छप्पर डोक्यावर घेतलं. सासऱ्यांची मान ताठ.

जिंकले!

१७ डिसेंबर

हरले. सासूबाई सकाळपासून शेजारणींना सांगतायत, ‘अशी सून कुणी शहरात धाडतं का?’ सासरे दिलेला शब्द विसरून वाडग्यातलं आमासी, आंबट दूध, ओरपतायत. लुवोला फोन केला. नवरा माझा म्हणतो, ‘थोडी कळ काढ.’ स्वतः मोंटीत बसून सांगतोय! खूप रडले. उद्धटपणे वाचलं असतं, तर निदान हाकलून तरी दिलं असतं.

१८ डिसेंबर

सासूबाई येऊन शेजारी बसल्या. ‘माझी ओळ दाखव.’ दाखवली — नोवेथू. ‘हे नाव त्यांनी ठेवलं,’ म्हणाल्या, ‘माझ्या सासूनं. मी मेल्यावर हेच पुकारतील?’ माझा हात बाजूला केला. नोवेथू पुसलं. बराच वेळ अक्षरं शोधली. थोझामा. माहेरचं नाव.

‘आता विचार मशीनला.’

मेनू परत भरला. थोझामा — सासूबाईंनी सांगितलं, आणि तसंच आलं. त्या बघतच राहिल्या. मग उठल्या, डोक्याचा रुमाल सारखा केला.

‘टॅक्सी पहाटे सुटते. सामान बांध, झिमखिथा.’