फाटकावरचे बत्तीस आकडे

३ जानेवारी १९९९, रविवार
कॉम्प्युटरच्या मासिकात वाचलं. इंटरनेटवरचे पत्ते संपत आलेत. एकूण चारशे कोटीच आहेत आणि माणसं सहाशे कोटी. आता सहाव्या नंबरची नवी पद्धत आली आहे. तीनावर अडतीस शून्यं, इतके पत्ते. घरगुती माणसाने एवढ्यात घाई करू नये, असं लेखाच्या शेवटी म्हटलंय. लेखक भित्रा दिसतो. केडगावात पहिलं घर आपलं.

संध्याकाळी
बायकोला, जयमालाला सांगितलं. ती नगरला पोस्टात काउंटरवर असते, पत्त्याचं महत्त्व तिला तरी कळायला हवं. म्हणाली, 'रंभाजी सर, केडगाव' एवढ्यावर आपली पत्रं येतात की.

५ जानेवारी, मंगळवार
नववी ब ला अडतीस शून्यं फळ्यावर काढून दाखवली. पोरांनी मोजली, छत्तीस भरली. तेवढ्यात तास संपला.

६ जानेवारी
सायकलने नगरला. गोरक्षचा तिथे कॉम्प्युटर क्लास आहे, माझाच जुना विद्यार्थी. त्याच्याकडून नव्या पद्धतीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. तीन फ्लॉप्या. प्रयोगापुरतंच आहे म्हणे. आपल्याला इंटरनेट देणाऱ्यांकडे ही पद्धत नाही, पलीकडच्यांकडेही नाही, असं तो सांगत बसला. "सर, तुमी बसवाल. पन तिकडं ऐकायला कुनी हाय का?"
दूरदृष्टी नाही. गणितातही पंचेचाळीसच होते.

९ जानेवारी, शनिवार
आमची मुलगी प्रज्ञा कॉम्प्युटरची एमसीएस होऊन घरीच आहे. पुण्याच्या एका कंपनीची लेखी परीक्षा पास झाली. मुलाखतीची तारीख ई-मेलने कळणार. रोज सकाळी उठून मेल बघते. फार उतावीळ. मी उद्या फ्लॉप्या टाकणार. आत्ताच टाकणार होतो, पण वीज गेली. चार वेळा बटण दाबून पाहिलं.

१० जानेवारी, रविवार
बसवलं. जुनी पद्धत तशीच ठेवा आणि शेजारी नवी टाका, अशी सूचना होती. असल्या तडजोडींनीच देश मागे राहिला. जुनी काढून टाकली.
पत्ता द्यायला कोणी नसल्याने स्वतःच तयार केला. बत्तीस आकडे-अक्षरं. कॉम्प्युटरला त्याच्याच पत्त्यावर हाक मारून पाहिली. चारदा हाक, चारदा उत्तर. एकदाही चूक नाही.

११ जानेवारी
मेल उघडत नाही, अशी प्रज्ञाची तक्रार. हा संक्रमणकाळ आहे असं समजावलं. तिने जुनी पद्धत परत टाकण्यासाठी सीडी मागितली. कुठे आहे ते मला माहीत आहे, असं सांगितलं.
माहीत नाही.

१३ जानेवारी, बुधवार
पेंटर कानिफनाथकडून फाटकावर पत्ता लिहून घेतला. जागा पुरेना म्हणून त्याने मधली आठ अक्षरं गाळली. तरी भारदस्त दिसतो.

१५ जानेवारी
मॉडेम गप्प. फोनची तार बघायला गच्चीवर गेलो, खाली आलो, वायर काढली, लावली, परत गच्चीवर. प्रज्ञा म्हणाली, गोरक्षदादाच्या क्लासमध्ये जाऊन मेल बघते. मी नको म्हटलं. आपल्या घराची काही पत आहे. रविवारपर्यंत नक्की सुरू होईल.

१८ जानेवारी, सोमवार
रविवारीही झालं नाही. आज प्रज्ञा मला न विचारता गोरक्षकडे गेली. दुपारी एकला परतली. चपला न काढता पायरीवर बसली.
"पप्पा, मुलाखत आज सकाळी दहाला होती पुण्यात. मेल बारा तारखेलाच आला होता."
एवढं सांगून आत गेली. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. कंपनीत फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. संक्रमणकाळाबद्दलही ऐकलं. यादी बंद झाली, आता जुलैमध्ये, म्हणाल्या.

२० जानेवारी
जयमालाने रद्दीतून सीडी शोधून काढली आणि माझ्याकडे न देता प्रज्ञाकडे दिली. प्रज्ञाने अर्ध्या तासात सगळं पूर्ववत केलं. कंपनीचे तीन मेल आले. तिसऱ्यात लिहिलं होतं, बारा वाजेपर्यंत तुमची वाट पाहिली.

२६ जानेवारी, मंगळवार
झेंडावंदन. घरी येऊन फाटकावरचा पत्ता पॉलिश पेपरने घासला. कानिफनाथचा रंग पक्का आहे.
जुलैपर्यंत प्रज्ञा गोरक्षच्या क्लासमध्ये शिकवणार आहे. मला हे गोरक्षकडून कळलं.

१ फेब्रुवारी, सोमवार
शाळा सुटल्यावर क्लासवर गेलो. निव्वळ पाहणी म्हणून. मागच्या बाकावर बसलो. फळ्यावर 'कॉम्प्युटरची ओळख' असं लिहिलेलं. प्रज्ञा सावकाश शिकवते, पोरांना बोलू देते. असं शिकवणं मला कधी जमलं नाही, पण तो मुद्दा वेगळा.
शेवटी नव्या लोकांची नावं लिहून घेत ती बाकाबाकाने मागे आली. माझ्यापाशी थांबली. पाहणी म्हणालो नाही.
तिने माझं नाव विचारलं. मी पूर्ण सांगितलं. तिने वहीत लिहिलं आणि म्हणाली, उद्यापासून पुढे बसा.